मिश्र ध्वनीचे स्रोत-विलगीकरण : अल्गोरिदममधील 'सुधारणा' या संकल्पनेची चिकित्सा

१. प्रास्ताविक

अनेक आवाज एकाच वेळी कानावर पडत असताना त्यांतून हवा तो आवाज निवडून ऐकण्याची शक्ती माणसाला लाभलेली आहे. लग्नघरात सनई-चौघडा आणि पाहुण्यांची वर्दळ चालू असतानाही शेजारच्या माणसाचे बोलणे आपण समजून घेतो. या शक्तीचा प्रायोगिक अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० मधील 'ऑडिटरी सीन ॲनालिसिस' या ग्रंथात कान आणि मेंदू मिळून ध्वनींचे गट कसे पाडतात याची सविस्तर मांडणी केली. हेच काम संगणकाकडून करवून घेण्याच्या प्रयत्नांना 'स्रोत-विलगीकरण' असे म्हणता येईल. मिश्रण हाती आहे, घटक हाती नाहीत. मिश्रणावरून घटकांचा अंदाज करावयाचा, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे.

या क्षेत्रात अलीकडे झालेली प्रगती नाकारण्याचे कारण नाही. जॉन लेनन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर म्हटलेल्या एका गाण्याची कॅसेट बीटल्सच्या उरलेल्या सदस्यांनी १९९५ मध्ये हाती घेतली आणि काम अर्धवट सोडून दिले. पियानोच्या सुरांत गायकाचा आवाज बुडालेला होता. तोच आवाज पुढे वेगळा काढता आला आणि 'नाऊ अँड देन' हे गीत नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य श्रोत्याला या विद्येची ओळख झाली ती अशा उदाहरणांमुळे.

प्रस्तुत लेखात नवा अल्गोरिदम मांडलेला नाही, तसेच जुन्या अल्गोरिदमांची केवळ यादी देण्याचाही हेतू नाही. दर वर्षी नवा शोधनिबंध मागच्यापेक्षा काही डेसिबलांनी पुढे गेल्याचे सांगतो. ही 'सुधारणा' नेमकी कशाची, ती कोणत्या संगीताच्या आधारे मोजली जाते आणि ते संगीत बदलले असता तिचे काय होते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. कसोटी म्हणून हिंदुस्थानी ख्यालगायनाची निवड केली आहे. स्रोत परस्परांहून भिन्न आणि स्वतंत्र असतात हे विलगीकरणाचे मूळ गृहीत आहे. ख्यालाच्या मैफलीतील सर्व प्रयत्न मात्र स्रोत एकमेकांत मिसळून जावेत यासाठी असतो. हा विरोध लक्षात न घेता मोजलेली सुधारणा अपुरी ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. स्वातंत्र्याचे गृहीत आणि त्याचा प्रवास

विलगीकरणाच्या पहिल्या महत्त्वाच्या पद्धतीचे नावच 'स्वतंत्र घटक विश्लेषण' असे आहे. पिएर कोमों यांनी १९९४ मध्ये तिची गणिती बैठक स्पष्ट केली. १९९५ मध्ये बेल आणि सेज्नोव्स्की यांनी ती गणनेस सुलभ केली. संख्याशास्त्रीय दृष्टीने परस्परांशी संबंध नसलेले स्रोत आणि स्रोतांइतके तरी माइक, या दोन अटी पाळल्या तर ही पद्धत उत्तम चालते. परंतु जुन्या ध्वनिमुद्रिकेवर गायक, पेटी, तबला आणि तंबोरा हे सर्व एकाच वाहिनीत उतरलेले असतात. दुसरी अट तेथेच मोडते. पहिली अट मोडते ती अधिक खोलवर. तिचा विचार पुढे केला आहे.

ली आणि स्यूंग यांनी १९९९ मध्ये मांडलेले 'अऋण सारणी अवयवीकरण' हा पुढचा टप्पा होय. २००३ मध्ये स्मारागडिस व ब्राउन यांनी ते संगीताला लावले. ध्वनीचा वर्णपट हा थोड्या ठरावीक साच्यांची बेरीज आहे असे मानून ते साचे शोधावयाचे, ही त्यामागील कल्पना. पियानोसारख्या ठाम सुरांच्या वाद्यास ती मानवते. मींड घेत सतत सरकणाऱ्या कंठस्वराला मात्र ठरावीक साचा नसतो.

सन २०१६ नंतर खोल न्यूरल नेटवर्कांनी हे क्षेत्र जवळजवळ व्यापले. आता साचे हाताने ठरवावे लागत नाहीत. मिश्रण आणि त्याचे मूळ घटक यांच्या असंख्य जोड्या दाखवून नेटवर्काला शिकविले जाते. वरवर पाहता स्वातंत्र्याचे गृहीत येथे सुटले आहे. परंतु शिकविण्याची रीत पाहिली तर ते मागच्या दाराने परत आलेले दिसते. वाणी-विलगीकरणाच्या प्रमाणभूत संचात परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन व्यक्तींनी वाचलेली वाक्ये एकावर एक ठेवलेली असतात. तो संच स्वच्छ मुद्रणावर आधारलेला असून त्यात खोलीचा नाद नाही. त्यावर शिकलेली प्रारूपे अन्य संचांवर लक्षणीयरीत्या मागे पडतात, हे २०२० मध्ये दाखविले गेले. संगीतातही एका गाण्यातील आवाज, दुसऱ्यातील ड्रम आणि तिसऱ्यातील गिटार घेऊन यादृच्छिक मिश्रणे बनविण्याचा प्रघात आहे. अशा मिश्रणांनी निकाल सुधारतो हे खरे. पण त्यांतून नेटवर्क काय शिकते, तर सोबतचे वाद्य गायकाशी संबंध न ठेवता वाजत असते हे!

३. मोजपट्टीची चिकित्सा

सुधारणा मोजण्याचे प्रचलित माप म्हणजे मूळ स्रोताची ऊर्जा आणि अंदाजातील चुकीची ऊर्जा यांचे गुणोत्तर. ते डेसिबलमध्ये सांगतात. १० डेसिबल म्हणजे चुकीची ऊर्जा मूळ स्रोताच्या एक-दशांश. २०१९ मधील 'ओपन-अनमिक्स' या प्रारूपाची सरासरी सुमारे ५.३ डेसिबल होती, तर २०२३ मधील 'बीएस-रोफॉर्मर'ची ९.८ डेसिबलपर्यंत पोहोचली. ढोबळमानाने पाहता चूक तीन-दशांशांवरून एक-दशांशावर आली. चार वर्षांतील ही मजल मोठी आहे, यात शंका नाही.

तथापि या मापाविषयी तीन शंका उपस्थित होतात.

पहिली शंका चार पेट्यांविषयी. वरील आकडे 'एमयूएसडीबी१८' या संचावर काढलेले आहेत. त्यात १५० गीते असून १०० शिकविण्यासाठी व ५० परीक्षेसाठी आहेत. गीते बहुतांशी पाश्चात्त्य पॉप व रॉक धाटणीची असून प्रत्येक गीताचे गायन, ड्रम, बेस आणि 'इतर' असे चार भाग केलेले आहेत. ख्यालाच्या मैफलीत बेस नाही. तबला 'ड्रम' मानला तर डग्ग्याची खोल मींड बेसच्या पेटीत जाण्याचा संभव राहतो. तंबोरा, पेटी आणि सारंगी ही तिन्ही 'इतर' ठरतात. ज्या संगीतात तंबोरा हा आधार आहे, त्या संगीताचा आधारच 'इतर'मध्ये टाकणारे वर्गीकरण तटस्थ म्हणता येणार नाही.

दुसरी शंका सरासरीविषयी. या संचावरील रूढ पद्धतीत गीताचे एकेका सेकंदाचे तुकडे करून प्रत्येकाचे माप घेतात, त्यांचा मध्यक काढतात आणि पुन्हा सर्व गीतांचा मध्यक घेतात. मध्यक हा स्वभावतःच टोकाच्या चुकांकडे दुर्लक्ष करतो. गायक तार षड्जावर स्थिरावला आणि पेटीही त्याच स्वरावर आली, असा एखादाच क्षण मैफलीत येतो. अल्गोरिदम तेथे पूर्णपणे फसला तरी मध्यक जागचा हलत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तोच क्षण हवा असतो. २०२१ च्या 'म्युझिक डीमिक्सिंग' स्पर्धेत संपूर्ण गीताचे एकत्र माप घेण्याचा बदल झाला, तो या दृष्टीने स्वागतार्ह होय.

तिसरी शंका मापाच्या उदारपणाविषयी. २००६ मध्ये व्हिन्सेंट, ग्रिबोन्व्हाल आणि फेव्होत यांनी ही मापनपद्धती मांडली, तेव्हा स्रोतात झालेला ठरावीक प्रकारचा गाळणी-बदल ही चूक मानू नये अशी तरतूद होती. ल रू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की या सवलतीमुळे वर्णपटाचे पट्टे उडविले तरी गुण हवे तसे घसरत नाहीत. त्यांनी सुचविलेले सुधारित माप आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. परंतु तेही ऊर्जेचेच माप आहे. त्यात मोठ्या आवाजाची तान लहान आवाजाच्या कणस्वरापेक्षा कितीतरी अधिक मोजली जाते. ख्यालाचा मर्मज्ञ नेमके उलट ऐकतो.

४. ख्यालगायनाची कसोटी

एक साधे उदाहरण घेऊ. गायकाचा षड्ज काळी एक आहे, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा याच स्वराला, खर्जाची तार ६९.३ ला आणि मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झला मिळविलेली आहे. प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या पटीतील स्वर उमटतात. भौतिकशास्त्र त्यांना हार्मोनिक म्हणते, गवई स्वयंभू स्वर म्हणतात. गायकाच्या षड्जाचा तिसरा हार्मोनिक ४१५.८ हर्ट्झला येतो. पंचमाच्या तारेचा चौथाही तेथेच येतो. जोडीच्या तारांचा तिसरा आणि खर्जाचा सहावाही तेथेच. षड्ज लागला, तंबोऱ्यात विरघळला, असे आपण म्हणतो, तेव्हा वर्णपटावर घडते ते हेच. कानाला जो आनंद आहे, तोच अल्गोरिदमपुढचा पेच आहे.

तंबोरा व वीणा यांच्या घोडीमुळे तारेच्या स्वयंभू स्वरांना विलक्षण समृद्धी येते, याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. तबल्याविषयीचे त्यांचे संशोधन तर प्रस्तुत विषयाला थेट भिडते. सामान्य चर्मवाद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. शाईमुळे आपल्या चर्मवाद्यांत ते पटीत येतात, हे रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे अधिक विस्ताराने १९३४ मध्ये दाखविले. म्हणूनच तबला षड्जात मिळविता येतो.

आता फिट्झजेराल्ड यांनी २०१० मध्ये मांडलेली तालवाद्य-स्वरवाद्य विभाजनाची लोकप्रिय पद्धत पाहा. वर्णपटाच्या चित्रात स्वर आडव्या रेषांनी आणि आघात उभ्या रेषांनी दिसतात, या निरीक्षणावर ती उभी आहे. तबल्यावर मोकळा बोल वाजला की बोटाचा आघात उभ्या रेषेत आणि त्यामागून येणारी आस आडव्या रेषेत जाते. एकाच बोलाचे दोन तुकडे होतात आणि आस गायकाच्या वा पेटीच्या वाट्याला जाते. ही चूक गणिताची नव्हे. तालवाद्याला स्वर नसतो या गृहीताची आहे.

पेटीचा प्रश्न याहून अवघड आहे. ती गायकामागून तीच स्वरावली वाजवीत जाते. समजा गायकाने गांधार पेटीच्या गांधाराहून एका प्रमाणश्रुतीने, म्हणजे सुमारे २२ सेंटने, उतरता लावला. या पट्टीत तो फरक सुमारे सव्वादोन हर्ट्झचा आहे. प्रति सेकंद ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात ४,०९६ नमुन्यांची खिडकी घेतली तर वर्णपटाचा एक घर सुमारे १०.८ हर्ट्झचा होतो. दोन्ही गांधारांचे मूळ स्वर एकाच घरात पडतात. वर्णपटावर गाळणी लावणारा अल्गोरिदम त्या घरातील ऊर्जा कमीजास्त करू शकतो. आतल्या दोन स्वरांना एकमेकांपासून सोडवू शकत नाही. आठव्या हार्मोनिकापाशी मात्र तोच फरक सुमारे १८ हर्ट्झ होतो आणि दोन रेषा वेगळ्या दिसू लागतात. अर्थात मार्ग बंद नाही. तो वरच्या हार्मोनिकांतून आणि काळाच्या ओघातून जातो. व्ही. राव आणि प्रीती राव यांनी मुंबईच्या आयआयटीत केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दोन स्वररेषांचा एकाच वेळी माग काढून, कंठस्वर स्थिर राहत नाही आणि पेटीचा स्वर स्थिर राहतो या भेदाचा उपयोग केला होता. त्या कामाचे उद्दिष्ट विलगीकरण नव्हते, गायकाची स्वररेषा मिळविणे हे होते. तरीही वाद्याचा स्वभाव आधी ओळखावा आणि मग गणित मांडावे, ही त्यातील दृष्टी आजच्या डेसिबलांच्या शर्यतीत दुर्मीळ झाली आहे.

सारंगीपाशी तर हा भेदही पुसट होतो. बालगंधर्वांच्या गायनाला ऑर्गनबरोबर सारंगीची साथ असे, हे नाट्यसंगीताच्या रसिकांना ठाऊक आहे. सारंगी मींड घेते, कण घेते, गळ्यासारखी डोलते. गायकापासून सारंगी ओळखू न यावी इतकी ती गळ्याजवळ जावी, हे सारंगियाचे ध्येय. विलगीकरणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट साथीदार तोच, जो कलेच्या दृष्टीने सर्वांत उत्तम.

५. शिकविण्याच्या सामग्रीचा पेच

यावर सोपा उपाय सुचतो : ख्यालाचे वेगवेगळे ट्रॅक मुद्रित करून नेटवर्काला शिकवावे. परंतु स्वच्छ ट्रॅक हवे असतील तर कलावंतांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावे लागते. गायकाच्या भुवईकडे पाहून समेची तयारी करणारा तबलजी काचेपलीकडे हेडफोन लावून बसला की संगतीचा प्राण जातो. उलट मैफलीत एकत्र मुद्रण केले तर गायकाच्या माइकमध्ये तबला शिरतो आणि तबल्याच्या माइकमध्ये गायक. बार्सिलोना येथील संशोधकांच्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या 'सरगा' या संग्रहातील कर्नाटक संगीताचे बहुट्रॅक मुद्रण अशाच प्रत्यक्ष मैफलींचे असून त्यात हा शिरकाव आहे. म्हणजे स्वच्छ सामग्री खोटे संगीत शिकविते आणि खरे संगीत अस्वच्छ सामग्री देते.

या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत, हे नमूद केले पाहिजे. २०२३ च्या 'साउंड डीमिक्सिंग' स्पर्धेत अशा शिरकावाने दूषित सामग्रीवर शिकण्यासाठी स्वतंत्र विभाग होता. त्याच वर्षी प्लाजा-रोग्लान्स आणि सहकाऱ्यांनी कर्नाटक गायन दूषित ट्रॅकांवरूनच वेगळे करण्याची पद्धत मांडली. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील खरी सुधारणा या दिशेने आहे. येथे संगीताला अल्गोरिदमच्या सोयीसाठी तोडलेले नाही. अल्गोरिदमला संगीताच्या वास्तवाशी जुळवून घ्यावयास लावले आहे.

६. काय पणाला लागले आहे

हा सर्व काथ्याकूट कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. विवाहसमारंभात गाण्यासाठी मूळ आवाज काढून टाकलेला ट्रॅक हवा असेल तर आजचे अल्गोरिदम पुरेसे आहेत. परंतु विलगीकरणाचा उपयोग तेवढाच उरलेला नाही. विद्यार्थी दिवंगत गायकांचा आवाज वेगळा करून त्याच्या स्वररेषेचा अभ्यास करू लागले आहेत. संशोधक त्यावरून रागातील श्रुतींविषयी अनुमाने काढतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांचा जीर्णोद्धार याच मार्गाने होऊ घातला आहे. गायकाच्या विरामात पेटीचा उरलेला अंश कंठस्वर म्हणून नोंदला गेला, किंवा उतरता गांधार पेटीच्या गांधाराकडे ओढला गेला, तर विद्यार्थी गुरूचे गाणे न शिकता अल्गोरिदमचे गाणे शिकेल. आणि त्याला ते कळणारही नाही, कारण ऐकू येणारा आवाज स्वच्छ असेल.

येथे स्वच्छता आणि सत्यता यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. जुन्या पद्धतींची चूक खरखरीने वा पाण्यातून आल्यासारख्या आवाजाने स्वतःला उघड करीत असे. गाळणी न लावता आवाजाची नव्याने निर्मिती करणारी नवी प्रारूपे जेथे माहिती नाही तेथे संभाव्य आवाज भरतात. त्यांची चूक गोड लागते, म्हणूनच ती अधिक सावधपणे तपासली पाहिजे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, ख्यालाची कसोटी अपवादात्मक आहे आणि अपवादावरून सर्व क्षेत्रास दोष देणे योग्य नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. लेननच्या आवाजाच्या बाबतीत विलगीकरण यशस्वी झालेच. परंतु तेथे एक गळा, एक पियानो आणि तो गळा आयुष्यभर ओळखणारे सहकारी होते. यश मोजण्याचे काम डेसिबलवर सोडलेले नव्हते. शिवाय परस्परांत मिसळू पाहणारे संगीत हा केवळ भारतीय अपवाद नाही. समूहगान आणि तंतुवाद्यांचे चतुष्टक हीदेखील याच जातीची आहेत.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(अ) डेसिबलमधील वाढ ही विशिष्ट संच, विशिष्ट वर्गीकरण आणि विशिष्ट सरासरी यांच्या चौकटीतील वाढ होय. ती चौकट सांगितल्याशिवाय 'सुधारणा' हा शब्द वापरू नये.

(आ) कंठसंगीताच्या विलगीकरणात ऊर्जेच्या मापाबरोबर वेगळ्या काढलेल्या स्वररेषेची चूक सेंटमध्ये, आणि गायकाच्या विरामातील अवशेष स्वतंत्रपणे, नोंदविले जावेत. मध्यकाबरोबर सर्वांत वाईट तुकड्यांचेही माप द्यावे.

(इ) तंबोरा, पेटी, सारंगी आणि तबला यांना 'इतर' व 'ड्रम' यांत न कोंबता त्यांच्या ध्वनिस्वभावानुसार स्थान द्यावे. रामन यांच्या संशोधनाने शंभर वर्षांपूर्वी दिलेले ज्ञान यासाठी आजही उपयोगी आहे.

(ई) विलगीकरणाने मिळालेला आवाज संग्रहात ठेवताना तो अंदाज असल्याची नोंद त्याच्याबरोबर असावी आणि मूळ मिश्रण कधीही काढून टाकू नये.

यातील शेवटची सूचना सर्वांत साधी आहे, पण तिचे महत्त्व कमी नाही. अल्गोरिदम उद्या आणखी सुधारतील. त्या वेळी त्यांना पुन्हा मूळ मिश्रणाकडेच यावे लागेल. गायक, साथीदार आणि तंबोरा यांनी एका बैठकीत मिळून उभा केलेला नाद हाच मूळ दस्तऐवज आहे. त्याचे घटक अभ्यासासाठी वेगळे करावेत. परंतु ते एकत्र आले होते, हे विसरून केलेला अभ्यास अपुरा राहील.